डाव्या अंगाचा पाटा

आमची मोटार डावीकडं ओढायची. रस्ता कितीही सरळ असो, ष्टेरिंगवरचा हात जरा सैल पडला की ती निघालीच बाजूच्या चारीकडं. कन्हेरीहून बारामतीला माल घालून आले की आमचे हे ओसरीवर आडवे व्हायचे आणि मी तव्यावर मीठ तापवून त्याच्या पुरचुंडीनं त्यांचे खांदे शेकायची. मोटारीचं सुख म्हणतात ते आमच्या घरी असं आलं.

दुसरं महायुद्ध लागायच्या आधीच्या ह्या गोष्टी. मी लग्न होऊन कन्हेरीत नवी होते. घरी कॅनॉलच्या पाण्यावर पेरूची आणि मोसंबीची बाग, मधल्या पट्ट्यात भाजीपाला. बारामतीच्या एका वकिलांनी नवी मोटार घेतली आणि जुनी काढली, ती ह्यांनी आणली. वर कापडी टप, बाजूला पायऱ्या, आवाज पिठाच्या गिरणीसारखा. ह्यांना वाटलं, माल बाजारात लवकर पोचेल. मला वाटलं, मी त्यात बसून इंदापूरला माहेरी जाईन आणि पेठेतली माणसं दुकानं सोडून बघायला येतील. ती नीट चालते का, हे दोघांपैकी कुणीच बघितलं नव्हतं.

तेव्हाचं माझं शहाणपण काय सांगावं! बाजारातनं नवा बैल आणला की तो काही दिवस जुन्या दावणीकडं ओढ घेतो, हे मी लहानपणापासून बघितलेलं. वकिलांचा बंगला आमच्या वाटेच्या डाव्या अंगाला. मी लगेच निदान केलं, मोटार जुन्या मालकाच्या घराकडं ओढतेय. मग नव्या बैलाला गोठ्यात घेताना करतात ते सगळं केलं. पुढच्या चाकांवर पाणी घातलं, हळदकुंकू लावलं, आणि भाकरीचा तुकडा पुढच्या जाळीसमोर धरून उभी राहिले. मोटारीनं काही तो खाल्ला नाही. कोंबडीनं नेला.

हे हसून बेजार झाले. म्हणाले, "आगं, परत येताना बी ती डावीकडंच वढती. तवा काय वकिलाचा बंगला उडी मारून ह्या अंगाला येतो?"

"तुमाला बैलांतलं काय कळतंय?" मी म्हणाले आणि भांडी आपटायला गेले. उत्तर नसलं की मी भांडी आपटायची.

हे असंच हसण्यावारी चाललं असतं, पण इंदापूरला माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. वैशाखातला गोरज मुहूर्त. आम्हाला मामा एकच, कोऱ्हाळे बुद्रुकचे. आमच्यात नवरीला बोहल्यावर मामानं आणायचं आणि अक्षता पडेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं. मामा नाहीत तर नवरी आतल्या खोलीतनं हलत नाही, मग भटजी कितीही घसा खरवडोत. सुपारी फोडायला माहेरी गेले तेव्हा भरल्या घरात वडील म्हणाले, "मामास्नी आनायची सोय बघाया पायजे." मी पदर सावरून मोठ्यानं सांगून टाकलं, "त्यात काय? आमच्या मोटारीनं आनू की!"

हे दारात उभे होते. त्यांचा चेहरा मी बघितला, पण मला तो कौतुकाचा वाटला.

माघारी आल्यावर आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, एवढंच म्हणाल्या, "आदल्या दिशी बैलगाडी जुंपा. निवांत जाऊ." मला ते अपमानासारखं लागलं. मोटार दारात असताना बैलगाडीनं माहेरी जायचं? त्यापेक्षा जाऊच नये!

तेव्हा मोटार नीट करणं आलं. बारामतीत मोटारीचा मिस्त्री एकच, आणि लग्नसराईत त्याला उतारू नेणाऱ्या सर्व्हिसच्या मोटारी उरकत नव्हत्या. "वैशाख सरू द्या, मग आना," म्हणाला. वैशाख सरल्यावर आणून काय करायची, बारशाला न्यायची?

मग हे स्वतःच खाली घुसले. खोडी एक नव्हती. ष्टेरिंग पाव फेरी फिरवलं तरी पुढच्या चाकांना त्याची खबर नसायची, आणि खबर लागली की ती दचकून जागी झाल्यासारखी वळायची. चाकोरीत चाक गेलं की ष्टेरिंग हाताला असे हिसके द्यायचं की बांगड्या असत्या तर फुटल्या असत्या. ह्यांनी मला सांगितलं, "वर बस आन ष्टेरिंग डावीउजवीकडं हलव. कुठं ढिलं हाय ते मी खालनं बघतो."

मी नऊवारी खोचून वर चढले. तेवढ्यात पाण्याला निघालेल्या बाया घागरी घेऊन थबकल्या. मग काय! मी ष्टेरिंग असं फिरवायला लागले की जणू पुणं गाठायचंय. मान ताठ, नजर लांब.

"ह्या बया, हिला मोटार चालवाया येती का काय!" एक म्हणाली.

"थोडी थोडी," मी म्हणाले.

खालनं ओरडा आला, "थांब! थांब म्हंतो न्हवं! बोट हाय माझं तितं!"

मी बायांकडं बघून हसत होते. बोट हिरवंनिळं झालं. पण दुखणं सापडलं. ष्टेरिंगपासून चाकाकडं जाणाऱ्या दांड्याच्या टोकाला लोखंडाचा गोळा असतो आणि तो वाटीत बसतो. आमचा गोळा आणि वाटी इतकी झिजली होती की मधे चिमूट बसली असती. ह्यांनी जुन्या मोटेच्या कातड्याचा तुकडा कापला, रात्रभर एरंडेलात भिजवला आणि वाटीत घट्ट दाबून बसवला. दुसऱ्या दिवशी ष्टेरिंग शहाण्यासारखं ऐकायला लागलं. हिसके बरेच थांबले.

आणि मोटार तरीही डावीकडं ओढायची!

मला रडू यायचं बाकी होतं. एवढं तेल, एवढं कातडं, ह्यांचं बोट, आणि ही बया अजून आपली चारीकडं. डाव्या चाकाचा वारा बघितला, तो बरोबर. चाकं अदलाबदल केली, फरक नाही. शेवटी सपाट खळ्यावर मोटार उभी केल्यावर दिसलं की ती पुढून डावीकडं झुकलीय, एका काखेत कळशी घेतलेल्या बाईसारखी. ह्यांनी सुतळी घेऊन पुढच्या आणि मागच्या चाकामधलं अंतर दोन्ही बाजूंनी मापलं. डाव्या बाजूला सुतळी उरली. म्हणजे पुढचा कणा डावीकडनं मागं सरकलेला. कण्याला जो कमानीसारखा पोलादी पाट्यांचा जुडगा धरून ठेवतो, त्यातला वरचा मोठा पाटा बसून सरळसोट झाला होता आणि त्याचे बोल्टही ढिले पडले होते. दोन चाकं एकमेकांशी वाकडी, मग मोटार सरळ कुठनं जाणार?

"पाटा नवा पायजे. पुण्यास्नं मागवावा लागंल," हे म्हणाले.

"तोवर लगीन हुतंय!"

"मग बैलगाडी हाय की."

बैलगाडीचं नाव काढल्याबरोबर मी लोहाराचं नाव काढलं. लोखंड ते लोखंड, असलं काहीतरी मी बोलले असणार. तेव्हा असली वाक्यं घरात मीच टाकायची. आमच्या लोहारआबांचा कुऱ्हाडीत आणि गाडीच्या धावा बसवण्यात हात धरणारा आसपासच्या गावांत कुणी नव्हता. धाव म्हणजे लाकडी चाकावर चढवतात ते लोखंडी कडं. ते लाल करायचं, चाकावर ठोकायचं आणि पाणी ओतून आवळायचं. आबांनी पाटा हातात घेऊन वाजवून बघितला.

"ह्येला नुसती कमान द्यायची न्हवं? पोरखेळ हाय."

"आबा, ह्यो पाटा मोटारीचा हाय. वजन झेलाय पायजे," हे म्हणाले.

"आरं, पानी आसं देतो की कुऱ्हाडीनं लाजावं!"

भाता फुलला. पाटा जास्वंदीसारखा लाल झाला, आबांनी ऐरणीवर त्याला सुरेख बाक दिला आणि दगडी कुंडात बुडवला. चुर्र करून वाफेचा लोट उठला आणि मी आनंदानं टाळी वाजवली. लोहाराच्या भात्यापुढं टाळी वाजवणारी सून गावानं तेवढी एकच बघितली असेल.

पाटा चढला, बोल्ट आवळले, सुतळी दोन्हीकडं सारखी भरली. खळ्यावरनं निघालो ते कॅनॉलच्या पुलापर्यंत मोटार दोरीत गेल्यासारखी सरळ गेली. मी ह्यांना ष्टेरिंगवरचे दोन्ही हात सोडायला लावले. सरळ! परत सोडायला लावले. सरळ! घरी येऊन आत्याबाईंना सांगितलं, तर त्या शेंगा फोडता फोडता म्हणाल्या, "इंदापूर पुलापातुरच हाय व्हय?"

लग्नाच्या दिवशी उजाडता उजाडता मामा त्यांच्या बैलगाडीतनं कन्हेरीत उतरले. मामांचं गुऱ्हाळ होतं, आणि स्वतःच्या गुळावर त्यांचा फार जीव होता हे त्यांच्याकडं बघून कळायचं. ते मागं बसले तर गाडी उलाळ, म्हणजे मागं जड, होऊन बैलांचे गळे आवळले जायचे, म्हणून त्यांना कायम पुढं बसवत. डोक्याला नवा कोरा गुलाबी पटका, तोंडात पान.

"मामा, तुमी मागं उजवीकडं बसा," हे म्हणाले. "डाव्या अंगाचा पाटा अजून अजमावलेला न्हाय."

"न्हाय बाबा. मला पिंक टाकाया डावी बाजू लागती. उजवीकडं बसलो तर समोरनं येनाऱ्या मानसावर पडंल. लगनाला निघालोय, भांडनाला न्हवं." आणि मामा पुढं, ह्यांच्या डाव्या हाताला, नेमके त्या पाट्याच्या वर जाऊन बसले. मोटारीनं मोठा सुस्कारा टाकला. मागं मी आणि आत्याबाई, आणि आमच्या पायांत आहेराचं बोचकं.

बारामती मागं पडली, सणसर गेलं. मोटार सरळ. मी उगाच मागच्या सीटवरून रस्त्यानं जाणाऱ्या बैलगाड्यांकडं दयेनं बघत होते. मामा म्हणाले, "जावईबापू, पाळन्यात बसल्यावानी वाटतंय." लासुर्णं ओलांडलं. पुढं एक कोरडा ओढा लागला. मोटार उतरली, तळाशी दगडावर डावं चाक चढलं, आणि काडकन असा आवाज आला की मला वाटलं कुणी बंदूक उडवली. मोटार एकदम डावीकडं फिरली आणि बाभळीच्या बुंध्यापाशी थांबली. मामांचा पटका नाकावर.

"पोचलो का?" आत्याबाईंनी विचारलं. अगदी साध्या आवाजात.

हे खाली घुसले आणि पाट्याचा तुकडा घेऊन बाहेर आले. कोयत्यानं ऊस तोडावा तसा साफ तुटलेला, आतनं साखरेच्या रव्यासारखा चमकत होता. त्यांनी तो माझ्यासमोर धरला. "कुऱ्हाडीचं पानी दिलं आबांनी. कुऱ्हाडीला वाकायचं नसतं, कडक पानी चालतं. पाट्याला रोज वाकायचं असतं. कडक केला की त्यो मोडनारच."

हे सगळं ते घामानं निथळत, शांतपणे बोलत होते, आणि मला त्या शांतपणाचाच राग येत होता. उन्हानं ओढ्यातली वाळू फुटाण्याची झाली होती. वऱ्हाड मुहूर्ताची वाट बघत असणार, बहीण मुंडावळ्या बांधून बसणार, आणि तिचे मामा इथं बाभळीखाली पानाचा डबा उघडून सुपारी कातरत होते.

देवाच्या कृपेनं कडब्याची एक गाडी मागनं आली. गाडीवान भला होता. त्यानं बाभळीचा एक जाड ओंडका आणि चऱ्हाट काढून दिलं. ह्यांनी मोटार जॅकवर उचलली, कणा पुढं ओढून जागेवर आणला आणि ओंडका कणा नि मोटारीचा सांगाडा ह्यांच्यामधे ठोकून चऱ्हाटानं करकचून बांधला. पण कणा जागेवर आला का, हे मापायला सुतळी नव्हती. ह्यांनी मामांच्या डोक्याकडं बघितलं.

"न्हाय," मामा म्हणाले.

"मामा, चाक वाकडं ऱ्हायलं तर परत चारीत जाऊ."

मामांनी पटका सोडला. नवा गुलाबी पटका धुळीत अंथरून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत ताणला, मग तसाच उजव्या बाजूला. तीनतीनदा. कण्याला टोले घालायचे, मापायचं, परत टोले. बोडक्या डोक्यानं उभे असलेले मामा पटक्याला वंगण लागेल तसे "आरारा" करत होते. शेवटी दोन्ही मापं जुळली.

मी बोचकं उचलून आत चढायला गेले. हे आडवे आले.

"तुमी दोघी ह्या दादांच्या गाडीनं या."

"का?"

"ओंडक्यावर चाललीय मोटार. झटका सोसायला काय उरलं न्हाय. जेवढं वजन कमी तेवढं बरं."

"वजन कमी करायचं तर मला उतरवता? आन मामा?"

सगळ्यांनी मामांकडं बघितलं. मामा ओशाळले. "पोरी, तू जा, मी येतो कडब्यावर बसून. सख्खी भन हाय तुजी."

"आन बोहल्यावर नवरीला कोन आननार? ही?" हे म्हणाले. "मामांबिगर लगीन लागत न्हाय. तुज्याबिगर लागतं."

खरं होतं. पण खरं असं उन्हात उभं राहून ऐकायचं म्हणजे कठीण. मी पुष्कळ बोलले. मोटार नसती आणली तरी चाललं असतं, लोहाराचे हात झडले तरी चालतील, असलं बरंच. आत्याबाई तोवर मुकाट्यानं कडब्यावर चढून बसल्या होत्या. मामांना मागं उजवीकडं बसवलं. आत्याबाईंनी वरनं आपल्या व्याह्यांना बजावलं, "आता पिंक गिळा, ईवाय. पटका तर आधीच गेलाय."

मोटार निघाली. इतकी हळू, की खाचखळग्यांत आमचे बैल तिच्या मागोमाग जाऊन तिच्या धुरात फुरफुरायला लागले. गाडीवान मागं वळून म्हणाला, "ताई, पुढं घालू का?"

"घाला!" मी म्हणाले.

"नगं," आत्याबाई म्हणाल्या. "त्यास्नी चेव आला तर परत चारीत जातील."

मग जरा सपाटी लागली आणि मोटार पुढं सरकत सरकत धुळीत गेली. कितीतरी वेळ मला मामांचं बोडकं डोकं दिसत होतं, उजवीकडं झुकलेलं. आत्याबाईंनी भाकरीचं फडकं सोडलं. मी मनात तयारी करून बसले होते, आता म्हणतील, मी सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "खा. कडबा गादीवानी हाय. मोटारीत कंबर धरली हुती माजी." ह्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तरी बरं वाटलं असतं.

गाडीवानाला निमगावात उतरायचं होतं, पण आत्याबाईंनी त्याच्या आजोळापर्यंतची नाती काढून त्याला इंदापूरपर्यंत आणला. सूर्य कलला तशी मी दर वळणावर उभी राहून बघत होते. गुरं परतायला लागली, धूळ सोनेरी झाली. गोरज म्हणतात ती हीच वेळ. गाडी अजून माळावरच होती. मी खाली बसले ती मग उठलेच नाही.

दिवेलागणीनंतर पोचलो. दारात आमची मोटार उभी, तिच्याभोवती पोरांचा गराडा. मांडवात पंगत बसलेली. अक्षता केव्हाच पडल्या होत्या. मी तशीच आत धावले. आई तुळशीपाशी पाटावर बसली होती. मुलीच्या लग्नात आईनं अक्षता पडताना बघायचं नसतं, म्हणून तिला तिथं बसवलेलं, आणि नंतर उठवायचं सगळे विसरले होते.

"लगीन बघायचं राहिलं गं आई," मी म्हणाले आणि भोकाड पसरलं.

"मी तरी कुठं बघितलं? बस हितं." तिनं पाटावर जागा केली.

मग आम्ही दोघींनी मामांना आत बोलावून घेतलं. पटका परत बांधला होता. पुढच्या घडीवर वंगणाचा काळा पट्टा. आईनं विचारलं, "दादा, कशी दिसत हुती पोर? रडली का?"

"आगं, काय सांगू तुला," मामा खाली बसत म्हणाले. "येशीतनं आत शिरताना जावयानं ष्टेरिंग आसं उजवीकडं वढलं..."

"आरं, लगनाचं सांग."

"तेच सांगतोय की. ओंडका सरकाय लागला. मी म्हनलो, जावईबापू, थांबू नगा, घटका भरत आलीय..."

मी ह्यांना विचारलं. मंगलाष्टकं चालू होती तेव्हा हे मोटारीखाली चऱ्हाट आवळत होते. बहिणीला विचारलं, तर ती म्हणाली, "आक्का, मुंडावळ्या डोळ्यांवर, समोर अंतरपाट. मला मामांचा श्वास तेवढा ऐकू येत हुता, आन वंगणाचा वास." वडिलांना विचारलं तर ते कंदील घेऊन चार पाहुण्यांना आमचा ओंडका दाखवत होते, आणि मोठ्यानं सांगत होते की मोटारीला पोलादापेक्षा बाभूळच बरी.

माझ्या सख्ख्या बहिणीचं लग्न कसं लागलं, हे मला आजवर कुणी धड सांगितलेलं नाही. मोटारीचं विचारा.